लांब इंग्रजी शब्दाची फोड

वाचनपाठात ‘अनफॉर्च्युनेटली’ हे क्रियाविशेषण आले की वर्ग अडतो. त्यात रोमन अक्षरे १३. ती ‘यू, एन, एफ’ अशी ओळीने घोकून घेण्याचाच प्रघात आहे. एक अक्षर विसरले की पुढचे सारे जाते. वाड्यांवरील ठाकर वा कातकरी मूल घरची बोली सोडून आधीच प्रमाण मराठीशी झगडत असते. ते अशा वेळी पुस्तकच मिटते. यास्तव शब्दाची फोड शिकवावी. ती दोन प्रकारची असते, उच्चाराची व अर्थाची. त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

उच्चारखंड म्हणजे एका स्वराच्या आधाराने उच्चारला जाणारा तुकडा. आरंभ गावाच्या नावापासून करावा. ‘खालापूर’ लिहिताना अक्षरे ४, पण ऐकू येणारे खंड ३ : खा-ला-पूर. ‘कर्जत’ लिहिताना ३, ऐकताना २ : कर्-जत. रफार बसतो ‘ज’च्या डोक्यावर, पण उच्चारात तो ‘क’ला चिकटतो. ‘खोपोली’त मात्र दोन्ही मोजण्या ३ येतात, म्हणून ते नाव आरंभी घेऊ नये; मुलांना भेद कळणार नाही. टाळी खंडाला वाजवावी, लिहिलेल्या अक्षराला नव्हे.

त्याच रीतीने अन्-फॉर्-च्यु-नट्-ली असे ५ खंड पडतात. आघात दुसऱ्यावर. चौथ्या खंडाच्या शेवटी ‘ई’ लिहितात, परंतु उच्चारीत नाहीत. तेव्हा लिखित स्वर मोजून खंड ठरवू नयेत.

अर्थाची फोड निराळी. गाभा ‘फॉर्च्यून’, म्हणजे दैव. पुढे ‘एट’ लागताना त्याचा शेवटचा ‘ई’ गळतो व ‘सुदैवी’ अशा अर्थाचे विशेषण होते. ‘अन’ उपसर्ग अर्थ उलटवितो. ‘ली’ प्रत्ययाने क्रियाविशेषण बनते. घटक ४, खंड ५. ‘फॉर्च्यून’मधील ‘न’ उच्चारात पुढच्या खंडात जातो, अर्थदृष्ट्या मात्र तो गाभ्याचाच. शेजारी फळ्यावर ‘दुर्दैवाने’ लिहावे : दुर्, दैव, ने. येथेही प्रत्ययापूर्वी ‘दैव’चे ‘दैवा’ झाले आहे. जोडावर शब्द थोडा बदलतो, हे मुलांना स्वभाषेतून आधीच ठाऊक असते. फक्त ते कोणी दाखविलेले नसते.

एवढे समजले की मुले उत्साहाने ‘फॅमिली’तूनही ‘ली’ तोडू लागतील. तेथे तो प्रत्यय नाही. उरलेल्या तुकड्याला अर्थच राहत नाही. ‘फ्रेंडली’त प्रत्यय आहे, पण तो शब्द विशेषण आहे. या दोन शब्दांसाठी एक तास वेगळा राखून ठेवावा.