परवलीचा शब्द

लिनक्स ही संगणक चालवणारी आज्ञावली. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने ती १९९१ साली सुरू केली. मग देशोदेशीच्या लोकांनी तिला हात लावला. काही अडले की ते एकमेकांना विचारतात.

एक म्हणाला, "परवलीचा शब्द विसरलो. संगणकात बघून सांगा की!"

दुसरा म्हणाला, "तिथे शब्द नसतोच. तो गणिताच्या जात्यात दळून ठेवतात. तुम्ही शब्द दिला की संगणक तोही दळतो. पीठ जुळले तरच दार उघडते. पिठाचे पुन्हा दाणे होतात का? आता नवा शब्द घाला."

"मग चोराची भीती नाही?"

"आहे तर! पीठ चोरीला गेले, की चोर नाव, गाव, जन्मसाल दळून बघतो. जुळले की शब्द सापडला!"

म्हणून शब्द लांब ठेवा. कुणाला सुचणार नाही असा ठेवा. आणि कुणालाही सांगू नका.