हृदयाच्या यादीआधी वजनाचा काटा

लेखमाला : थकलेलं हृदय

गेल्या आठवड्यात आपण हृदय प्रत्यारोपणाच्या यादीपर्यंत येऊन थांबलो होतो. पुष्कळ रुग्ण त्या यादीत नाव लागण्याआधीच अडतात, आणि अडतात ते वजनापाशी.

समजा, देवगडजवळच्या जामसंड्यातल्या एका पन्नाशीच्या बाईंची टू-डी इको झाली आणि हृदयाची ईएफ, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचं प्रमाण, 20 टक्के निघाली. निरोगी माणसात ती साधारण 55 च्या वर असते. घरी त्या महिनोन्महिने सांगत होत्या, "चढाव चढताना दम लागता, रातचा झोपूक जमणा नाय, उठान बसूचा लागता." पाय सुजलेले, उंची 160 सेंटिमीटर, वजन 105 किलो. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 41. प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची 2016 ची शिफारस अशी की, बीएमआय 35 च्या वर असेल तर आधी वजन उतरवावं. या बाईंच्या उंचीला 35 म्हणजे जेमतेम 90 किलो. त्यांना पंधरा किलो कमी करायचे आहेत, आणि अंगणातून पडवीत येतानाही धाप लागते आहे.

ही अट रुग्णाला शिक्षा म्हणून घातलेली नाही. स्थूल शरीरात प्रत्यारोपणानंतर जंतुसंसर्ग आणि जखम न भरणं यांचा धोका वाढतो. शिवाय दात्याचं हृदय घेणाऱ्याच्या शरीराच्या मानाने फार लहान असून चालत नाही, त्यामुळे वजनदार रुग्णाला जुळणारं हृदय मिळायला अधिक वाट पाहावी लागते. तरीही "आधी वजन कमी करा, मग या" एवढंच सांगून अशा रुग्णाला घरी पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. चालायला सांगावं तर दम लागतो, आणि नुसत्या पथ्याने इतकं वजन उतरून ते टिकणं फार थोड्यांना साधतं.

इथे वजन घटवण्याची शस्त्रक्रिया पुढे येते. आपल्याकडे ती घरोघरी ठाऊक झाली ती 2011 मध्ये नितीन गडकरींनी करून घेतल्यावर, आणि पुन्हा 2017 मध्ये, इजिप्तहून जवळजवळ 500 किलो वजनाच्या महिलेला मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं तेव्हा. वजन पुष्कळ उतरूनही त्या महिलेचा काही महिन्यांनी अबुधाबीत मृत्यू झाला. तिथल्या रुग्णालयाने हृदयविकार आणि मूत्रपिंडाचा बिघाड ही कारणं सांगितली. वर्षानुवर्षं स्थूलपणा सोसलेलं हृदय किती नाजूक होतं, याची जाणीव तेव्हा अनेकांना झाली.

कमजोर हृदयाच्या रुग्णात बहुधा स्लीव्ह ही पद्धत निवडतात. दुर्बिणीतून जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. भुकेची जाणीव देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून खाणं कमी होतंच, पण भूकही मंदावते. आतड्याला वळसा देणाऱ्या बायपासला वेळ अधिक लागतो आणि त्यानंतर औषधं शोषली जाण्याचं गणितही बदलतं. हृदयाच्या डझनभर गोळ्यांवर असलेल्या माणसाला ते परवडत नाही.

दुर्बिणीसाठी पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवावं लागतं. त्या दाबाने हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. निरोगी हृदय ते सांभाळून घेतं, 20 टक्क्यांचं हृदय कोलमडू शकतं. म्हणून ही शस्त्रक्रिया चांगला सर्जन जिथे आहे तिथे, एवढ्यावर ठरवू नये. हृदयरुग्णांना भूल देणारे तज्ज्ञ, अतिदक्षता विभाग आणि गरज पडली तर हृदयाला यंत्राचा आधार देण्याची सोय, हे सगळं त्याच छपराखाली हवं. देवगडच्या माणसाला त्यासाठी मुंबई-पुण्यासारख्या प्रत्यारोपण केंद्राशी बोलणं भाग आहे. आधी सूज उतरवावी लागते, कारण त्या 105 किलोंतले काही किलो निव्वळ पाण्याचे असतात.

पुरावा किती, हेही सांगायला हवं. स्वीडनमध्ये 1987 पासून 4,047 स्थूल माणसांचा मोठा अभ्यास झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यू कमी दिसले, पण ते सर्वसाधारण स्थूल लोक होते. हृदय अगदी थकलेल्यांवरचे अभ्यास छोटे आहेत. त्यांत काही रुग्णांचं वजन उतरून ते यादीत आले, थोड्यांचं हृदय इतकं सावरलं की प्रत्यारोपण पुढे ढकलता आलं. गुंतागुंतीचं प्रमाण मात्र इतर रुग्णांपेक्षा जास्त असतं. आणि हृदय निकामी होत चाललेल्यांत फार बारीक, खंगलेले रुग्ण किंचित जाड रुग्णांपेक्षा लवकर दगावताना दिसतात. त्यामुळे बीएमआय 28-30 असलेल्याने या वाटेला जाण्याचं कारण नाही.

वजन उतरेपर्यंत हृदय तगावं म्हणून काहींना आधी एलव्हॅड बसवतात, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याला जोडलेला पंप. त्याची तार पोटातून बाहेर येते आणि बॅटऱ्या सतत चार्ज कराव्या लागतात. मे 2021 च्या तौक्ते वादळानंतर आपल्या जिल्ह्यात वीज कशी गेली होती ते आठवा. असा पंप घेऊन गावी परतायचं तर इन्व्हर्टर आणि जनरेटरची व्यवस्था आधी हवी.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती घरी आल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांची. हृदयरोग्याला पाणी बेतानं प्यायची सवय लावलेली असते, त्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू. आता जठर एवढंसं, घोटभर प्यायलं तरी भरल्यासारखं वाटतं. जुनाच डोस चालू राहिला तर शरीर कोरडं पडतं, रक्तदाब खाली येतो, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन आणि रक्तदाब वहीत लिहायचे आणि केंद्राला फोनवर कळवायचे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पाणी साठतंय. चक्कर येऊ लागली, लघवी कमी झाली तर गोळ्या बहुधा कमी कराव्या लागतील, पण त्या डॉक्टरांना विचारून. दुखलं म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची नाही.

सुरुवातीला पेजेचं निवळ चालतं, पण पेजेवर राहिलं तर स्नायू झडतात. दिवसाला साधारण 60 ग्रॅम प्रथिनं लागतात आणि त्या बाबतीत देवगडकर नशीबवान. मऊ खाणं सुरू झालं की बिनकाट्याचा, वाफवलेला ताजा मासा उत्तम. घात करतो तो पावसाळा. मासेमारी बंद असते आणि आगोटीला भरून ठेवलेला खारा बांगडा, सुकट, लोणचं ताटात येतं. त्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं. बी-12, लोह यांच्या गोळ्या मात्र जन्मभर.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शनं 2025 पासून स्थूलतेसाठी भारतात मिळतात. आकुंचन शाबूत पण ताठर झालेल्या हृदयात त्यांनी लक्षणं कमी केल्याचं दिसलं आहे. ईएफ खाली गेलेल्या, शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांत तसा भक्कम पुरावा अजून नाही. ती कधी द्यायची, हे हृदयतज्ज्ञाने ठरवावं.

खर्चाचं एक महत्त्वाचं. विमा नियामकाच्या 2019 च्या नियमांनुसार बीएमआय 40 किंवा जास्त असेल, अथवा 35 किंवा जास्त असून इतर उपाय थकल्यावर स्थूलतेमुळे झालेला हृदयस्नायूंचा आजार, हृदयधमनीविकार, तीव्र निद्राश्वसनरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, तर अशी शस्त्रक्रिया लठ्ठपणाच्या नेहमीच्या अपवादाखाली नाकारता येत नाही. वय 18 किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला आणि वैद्यकीय निकषांचा आधार या अटीही आहेत. तेव्हा इको, वजन-उंचीची नोंद आणि आधी केलेल्या उपायांची चिठ्ठी एकाच फाइलीत ठेवा, आणि विमा कंपनीकडे पूर्वमंजुरी मागताना डॉक्टरांकडून निदान स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. पुढच्या आठवड्यात, यादीत नाव लागल्यावर मुंबईत मुक्काम करण्याविषयी.