जिन्याखालचा हिशेबनीस

संध्याकाळी डोंबिवलीच्या रेल्वेस्थानकातून बाहेर पडणारी गर्दी घरोघर पोचू लागली, की गावातील खिडक्या एकामागून एक उजळू लागतात. कोणी दिवा लावतो, कोणी पंखा सुरू करतो, कोठे पाण्याचा पंप घरघरू लागतो. ही सारी लगबग डोळ्यांना दिसते. परंतु त्याच वेळी इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत, आणखी एक काम निमूटपणे चालू असते. त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तेथे भिंतीवरील फळीवर मीटरांची रांग असते. प्रत्येक मीटरवर एक चिमुकला तांबडा दिवा लुकलुकत असतो. एखादा सावकाश डोळा मिचकावतो, तर एखाद्याला जणू उसंतच नसते. ज्या घरात वीज अधिक खर्च होते, त्या घराचा दिवा अधिक घाईने लुकलुकतो. हे मीटर म्हणजे त्या घराचे हिशेबनीसच होत.

ठाणे-कल्याणच्या परिसराचा आणि विजेचा संबंध जुना आहे. मुंबईहून निघालेली पहिली आगगाडी १८५३ साली ठाण्यास पोचली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. ती गाडी वाफेवर चालत असे. पुढे १९२५ साली मुंबईत विजेवर चालणारी गाडी सुरू झाली, आणि १९२९ साली कल्याण व डोंबिवली ह्यांच्या मध्ये, ठाकुर्लीजवळ चोळे येथे, रेल्वेचे स्वतःचे वीजनिर्मिती केंद्र उभे राहिले. ते केंद्र आता बंद झाले आहे. घरगुती विजेचे काम १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाकडे आले. २००५ साली ह्या मंडळाचे विभाजन झाले, आणि घरोघरी वीज पोचविण्याचे काम महावितरण कंपनीकडे गेले. कल्याण-डोंबिवलीत व ठाणे शहराच्या बहुतेक भागात तीच कंपनी वीज पुरविते.

दूध मापाने घेता येते, धान्य तराजूत तोलता येते. वीज मात्र डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागू देणे तर प्राणावर बेतणारे. मग ती मोजावयाची कशी? त्यासाठी शास्त्रज्ञांनी एक माप ठरविले. १००० वॉटचे उपकरण एक तास चालले, म्हणजे जेवढी वीज खर्च होते, तिला एक युनिट म्हणतात. पूर्वीचा ४० वॉटचा दिवा एका युनिटमध्ये २५ तास जळत असे. आजचा ९ वॉटचा एलईडी दिवा तेवढ्याच विजेवर सुमारे १११ तास प्रकाश देतो.

हे मोजण्याचे पहिले साधन मोठे मौजेचे होते. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्क शहरात वीज विकण्यास आरंभ केला. त्याच्या मीटरमध्ये एका द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडविलेल्या असत. वीज वाहू लागली, की एका पट्टीवरील जस्त सुटून दुसरीवर जाऊन बसे. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस येऊन पट्ट्या काढून नेई, त्यांचे वजन करी आणि वजनात पडलेल्या फरकावरून बिल तयार होई. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीतच एक दिवा ठेवलेला असे. ह्या मीटरचा एक मोठा दोष होता. घरमालकाला त्यावरून काहीच वाचता येत नसे. कंपनीने सांगितलेला आकडा खरा मानून चालणे, एवढेच त्याच्या हाती होते.

पुढे १८८९ साली हंगेरीतील बुडापेस्ट येथे ओट्टो ब्लाथी ह्या अभियंत्याने फिरत्या चकतीचे मीटर तयार केले. त्यात ॲल्युमिनियमची एक पातळ चकती दोन विद्युतचुंबकांच्या प्रभावाने फिरे. वीज अधिक खर्च झाली, की चकतीचा वेग वाढे. खर्च थांबला, की तीही थांबे. चकतीला जोडलेली दातेरी चाके आकडे पुढे सरकवीत. अशा धर्तीची मीटरे महाराष्ट्रातील घरांतही कित्येक वर्षे फिरत होती. काचेतून दिसणारी ती चकती आणि तिच्या कडेवरील काळी खूण आजी-आजोबांना अजून आठवत असेल. ते आकडे कोणासही वाचता येत. म्हणून ग्राहकाला स्वतःचा हिशेब स्वतः तपासता येऊ लागला.

नंतर चकती गेली आणि इलेक्ट्रॉनिक मीटर आले. हे मीटर विजेचा दाब व प्रवाह ही दोन्ही एका सेकंदात हजारो वेळा मोजते, त्यांचा गुणाकार करते आणि आलेली उत्तरे एकत्र मिळवीत जाते. परंतु त्याला बोलता येत नव्हते. दरमहा मीटर रीडरने जिने उतरून-चढून त्याच्यासमोर जावे आणि आकडा टिपून आणावा, हाच क्रम होता. दार बंद असले, की अंदाजाने बिल येई, आणि अंदाज चुकला म्हणजे तक्रार ठरलेली.

आता जे स्मार्ट मीटर आले आहे, त्याला वाचा फुटली आहे. अर्ध्या-अर्ध्या तासाचा किंवा पंधरा-पंधरा मिनिटांचा वापर ते आपल्या स्मृतीत लिहून ठेवते आणि तो कंपनीच्या संगणकाला बिनतारी संदेशाने कळविते. बिनतारी लहरींची ही किमया आपल्या देशाला नवी नाही. १८९५ साली आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनी कोलकात्यात अशाच लहरी भिंतींपार पाठवून दूरच्या खोलीतील घंटा वाजवून दाखविली होती.

मीटरचा निरोप दोन तऱ्हांनी जाऊ शकतो. काही मीटरांत मोबाइलप्रमाणे सिमकार्ड असते. ती सरळ मोबाइलच्या मनोऱ्याशी बोलतात. काही ठिकाणी एक मीटर शेजारच्या मीटरला निरोप देते, ते त्याच्या शेजाऱ्याला देते, आणि अशा रीतीने तो निरोप मुख्य यंत्रापर्यंत पोचतो. इमारतीचा स्लॅब टाकताना मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात वर चढवितात, तसाच हा प्रकार. इटलीमध्ये तर २००१ सालापासून लक्षावधी घरांत विजेच्याच तारांतून निरोप पाठविणारी मीटरे बसविण्यात आली.

येथे कोणाही चौकस मुलाच्या मनात प्रश्न येईल : घरात वायफाय असताना मीटरने मोबाइलचा मनोरा कशाला शोधावा? घराच्या राउटरलाच ते का जोडू नये?

ह्याचे उत्तर जिन्याखालीच सापडते. समजा, घर चौथ्या मजल्यावर आहे आणि राउटर बैठकीच्या खोलीत आहे. मीटर तळमजल्यावर आहे. मध्ये सिमेंट-काँक्रीटच्या चार लाद्या आहेत, त्यांत लोखंडी सळ्यांचे जाळे आहे आणि मीटरच्या जागेला बहुधा लोखंडी जाळीचे दार आहे. वायफायच्या लहरी घरातल्या घरात वावरण्याजोग्या. एवढे अडथळे ओलांडताना त्या क्षीण होऊन जातात. दुसरे असे, की वीज गेली म्हणजे राउटरही झोपी जातो. नेमक्या त्याच वेळी मीटरने ‘येथे वीज गेली’ असे कळवावे, अशी अपेक्षा असते. त्यासाठी अनेक स्मार्ट मीटरांत किंचित वीज साठवून ठेवलेली असते, आणि तिच्या बळावर ते शेवटचा निरोप धाडते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. मीटर हा ग्राहक आणि कंपनी ह्या दोघांचा साक्षीदार आहे. साक्षीदाराचा निरोप एका पक्षाच्या घरातून, त्याच्या मर्जीवर चालणाऱ्या यंत्रातून जावा, हे बरे नव्हे. म्हणून मीटर आपला निरोप गुप्तलिपीत बांधून स्वतंत्र वाटेने पाठविते.

तथापि घरालाही आपला हिशेब कळला पाहिजे, ही मागणी रास्तच आहे. नेदरलँड्समध्ये मीटरला ग्राहकासाठी एक वेगळी खाच ठेवलेली असते. तीत छोटे यंत्र बसविले, की मीटरचे आकडे घरातील वायफायवर दिसू लागतात. ब्रिटनमध्ये मीटर घरातील एका लहानशा पडद्याला बिनतारी संदेश देते. महाराष्ट्रात ग्राहकाला त्याचा वापर मोबाइलवरील ॲपमध्ये पाहता येतो. स्मार्ट मीटरचे वाचन दिवसातून निदान एकदा दुरून व्हावे आणि ते ग्राहकाला कळावे, असा केंद्र शासनाचा २०२३ सालचा नियम आहे.

पण ॲप नसले तरी हिशेब समजून घेण्याची एक सोपी युक्ती आहे, आणि तिला लागते फक्त एक घड्याळ. मीटरवर एक आकडा छापलेला असतो. समजा, तो एका युनिटला ३२०० असा आहे. ह्याचा अर्थ, तांबडा दिवा ३२०० वेळा लुकलुकला, म्हणजे एक युनिट वीज खर्च झाली. घरात फक्त ७५ वॉटचा पंखा चालू असेल, तर दिवा दर १५ सेकंदांनी लुकलुकेल. १००० वॉटची इस्त्री लावली, तर ९ सेकंदांत ८ वेळा. ९ वॉटचा एकच दिवा असेल, तर दोन लुकलुकींच्या मध्ये दोन मिनिटांहून अधिक काळ जाईल. एकाने घरात बटणे दाबावीत, दुसऱ्याने मोठ्या माणसाच्या सोबतीने मीटरसमोर उभे राहून, कशासही हात न लावता, लुकलुकी मोजाव्यात. काही मिनिटांत घरातील उधळ्या कोण आणि काटकसरी कोण, हे उघड होते.

हीच युक्ती यंत्राकडून करवून घेता येते. प्रकाश ओळखणारा एक लहानसा डोळा मीटरच्या दिव्यासमोर बाहेरून ठेवतात. प्रत्येक लुकलुकीची तो नोंद करतो आणि त्याला जोडलेले तळहाताएवढे यंत्र ती नोंद वायफायने घरातील मोबाइलवर पाठविते. मीटर घराच्या दाराशी असेल, तर हे सहज साधते. ते तळमजल्यावर असेल, तर घरातील मुख्य तारेभोवती प्रवाह मोजणारा चिमटा बसवितात. मात्र ते काम परवानाधारक वायरमननेच करावयाचे असते. मीटरचे सील तोडणे किंवा त्याच्या आत काही करणे हा जिवाला धोका आहे, आणि २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे.

येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. काटकसर शिकविणारा राउटरही वीज खातोच. १० वॉटचा राउटर रात्रंदिवस चालू राहिला, तर ३० दिवसांत ७.२ युनिटे खर्च होतात. मोजणे म्हणजे वाचविणे नव्हे. मोजल्यावर ज्याचा हात बटणाकडे जातो, त्याचीच वीज वाचते.

अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब आणखीही पुष्कळ काही सांगतो. घरातील माणसे केव्हा उठतात, दुपारी घर रिकामे असते काय, मंडळी गावी गेली आहेत काय, हे त्या आकड्यांवरून ताडता येते. म्हणून ते आकडे घरच्या किल्लीप्रमाणे जपले पाहिजेत. वायफायचा आणि ॲपचा संकेतशब्द कोणासही सांगू नये. खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आहे.

नव्या वस्तूविषयी शंका येणे स्वाभाविक असते. २०२४ साली महाराष्ट्रात ह्या मीटरांवरून बरीच चर्चा झाली. आधी पैसे भरावयाचे आणि मग वीज वापरावयाची, ह्या पद्धतीला अनेकांनी विरोध केला. तेव्हा सामान्य ग्राहकांकडे तशी मीटरे बसविली जाणार नाहीत, असे शासनाने जाहीर केले. नवे मीटर अधिक वेगाने पळते, असेही अनेकांना वाटते. अशा शंकेला रागावून उत्तर मिळत नाही, आणि ती हसण्यावारी नेऊनही मिळत नाही. तिचे उत्तर मोजूनच मिळते. २०२४ सालच्या केंद्रीय नियमाप्रमाणे ग्राहकाने मीटरविषयी तक्रार केली, तर कंपनीने पाच दिवसांच्या आत दुसरे मीटर जोडीला बसवावयाचे असते आणि निदान तीन महिने दोहोंचे आकडे ताडून पाहावयाचे असतात. दोन हिशेबनीस एकच वही लिहू लागले, म्हणजे चूक लपून राहत नाही. मग ती मीटरची ठरो, की ग्राहकाच्या समजुतीची.

एडिसनच्या ग्राहकाला आपल्या मीटरमधले काही कळत नव्हते. म्हणून त्याला विश्वासावर राहावे लागे. आजच्या ग्राहकाचे तसे नाही. त्याच्या मीटरवर आकडे आहेत, दिवा आहे आणि त्याच्या घरी गणित शिकणारी मुले आहेत. संध्याकाळी जिना चढताना त्या मुलांनी क्षणभर थांबून घड्याळाकडे आणि त्या तांबड्या दिव्याकडे पाहावे. महिन्याच्या शेवटी बिल आले, की ते वडीलधाऱ्यांना समजावून सांगणारे माणूस घरातच तयार झालेले असेल.