जुन्या ट्रॅक्टरचे जाम इंजिन : निदानाचे अर्थशास्त्र

होसूर मार्गावरील इलेक्ट्रॉनिक सिटी १९७८ मध्ये ‘केऑनिक्स’ या कर्नाटक शासनाच्या उपक्रमाने वसविली. आज ती सॉफ्टवेअर उद्योगासाठी ओळखली जाते. परंतु बंगळुरूचा भारतीय ट्रॅक्टरशी असलेला संबंध त्याहून जुना आहे. १९५३ मध्ये याच शहरात स्थापन झालेल्या एचएमटीने १९७१ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे झेटॉर तंत्रज्ञानावर आधारित ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू केले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये हा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मान्यता दिली. कारखाना थांबला, तरी त्याचे ट्रॅक्टर शेतकऱ्यांच्या दारात राहिले.

असा ट्रॅक्टर ऐन पेरणीच्या तोंडावर जाम झाला, तर दुरुस्ती करावी, विकावा की नवा घ्यावा? या प्रश्नाचे उत्तर अचूक निदानावर अवलंबून असते.

निदानाची क्रमवारी

पहिली चाचणी विनामूल्य आहे. इंजिन कसे बंद पडले, हे विचारणे. चालता चालता तापून थांबले असेल, तर तेल किंवा पाणी कमी पडून पिस्टन लायनरला चिकटल्याची अथवा बेअरिंग जळाल्याची शक्यता असते. पावसाळाभर उघड्यावर उभे राहून जाम झाले असेल, तर सिलिंडरमधील गंजाचा संशय प्रथम घ्यावा.

त्यानंतर बॅटरी व स्टार्टर तपासावा. गिअर न्यूट्रलमध्ये आणि पीटीओ सुटलेला असल्याची खात्री करून क्रँक-पुलीचा नट पान्याने हळूहळू फिरवून पाहावा. इंजिन सहज फिरले, तर ते जाम नाही. दोष बहुधा बॅटरीत किंवा स्टार्टरमध्ये आहे. थोडे फिरून एकाच जागी अडत असेल, तर सिलिंडरमध्ये द्रव साचला असावा किंवा व्हॉल्व्ह अथवा टायमिंग गिअर अडकला असावा. नोझल काढून पुन्हा फिरविल्यास साचलेले पाणी किंवा डिझेल बाहेर पडते व उलगडा होतो.

इंजिन ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे. हेड गॅस्केट, हेड किंवा लायनर तपासावा लागेल. ऑइल चेंबरच्या तळाशी धातूचे चमकणारे कण आढळल्यास बेअरिंग खराब झाल्याचे समजावे. गंजाच्या बाबतीत नोझलच्या छिद्रातून गंजनाशक तेल सोडून काही दिवस थांबावे आणि इंजिन दोन्ही दिशांना अलगद हलवावे. तापून जाम झालेले इंजिन मात्र उघडावेच लागते. टोचन करून ते जबरदस्तीने फिरविल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि लहान दुरुस्ती मोठी होते.

अर्थशास्त्रीय अर्थ

या क्रमवारीमागील तत्त्व असे की, कमी खर्चाची चाचणी आधी व इंजिन उघडण्याचा खर्च शेवटी करावा. मेस्त्रीला दोषाची जेवढी माहिती असते तेवढी मालकाला नसते. ही माहितीची असममितता प्राथमिक तपासणीने काही अंशी कमी होते. ट्रॅक्टरवर पूर्वी केलेला खर्च हा बुडीत खर्च असल्याने तो निर्णयात धरू नये. दुरुस्तीचा खर्च, दुरुस्तीनंतरचे उपयुक्त आयुष्य आणि पेरणी लांबल्यामुळे घटणारे उत्पन्न यांचीच तुलना करावी.

कृषी गणना २०१५-१६ नुसार देशातील सुमारे ८६ टक्के वहितीधारक अल्प व अत्यल्प भूधारक आहेत. त्यांच्यासाठी तिसरा पर्याय भाडेतत्त्वाचा आहे. २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना साहाय्य मिळते. वेळेवर भाड्याचा ट्रॅक्टर मिळाला, तर जाम इंजिन घाईने उघडण्याची गरज उरत नाही.

धोरणातील बदल

२२ सप्टेंबर २०२५ पासून कृषी ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के, तर ट्रॅक्टरचे टायर व अनेक सुट्या भागांवरील कर १८ वरून ५ टक्के झाला. म्हणजे नवी खरेदी आणि दुरुस्ती हे दोन्ही पर्याय स्वस्त झाले. दुसरीकडे, १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना कठोर उत्सर्जन मानके लागू झाल्याने त्यांच्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. अशा यंत्राचा दोष संगणकीय उपकरणाने वाचावा लागतो. म्हणून ग्रामीण कारागिराच्या प्रशिक्षणात पाना आणि संगणक या दोहोंना स्थान हवे. १९५५ पासून मध्य प्रदेशातील बुधनी येथे कार्यरत असलेल्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेसारख्या संस्थांचे महत्त्व त्यामुळे वाढणार आहे.