ढगांआडचे ग्रहण

पावसाळ्यात ग्रहण आले की ते बुडालेच, असे आपण धरून चालतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात खग्रास सूर्यग्रहण पाहत होते. ऐन खग्रासात ढग आडवे आले. मधल्या फटीतून त्यांना वर्णपटदर्शकात सौरज्वालेच्या तीन तेजस्वी रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी आणि निळी. सौरज्वाला तप्त वायूच्या असतात, याचा तो पुरावा होता. यंत्र सज्ज होते म्हणूनच ती फट कामी आली.

२१ जून २०२० रोजी नवी मुंबईतून सूर्यबिंबाचा सुमारे ६२ टक्के भाग झाकला जाणार होता. टाळेबंदीमुळे मी इमारतीच्या गच्चीवरच ट्रायपॉड लावला होता. अशा आभाळात प्रकाश क्षणाक्षणाला बदलतो. कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन फसते. म्हणून फोकस आधीच पक्का करावा आणि फट दिसताच कमी-अधिक एक्स्पोजरची छायाचित्रे ओळीने घ्यावीत. चित्र काळपट आले तर आयएसओ वाढवावा, सौरफिल्टर काढू नये.

खरा धोका डोळ्यांना असतो. विरळ ढगातून कोर चंद्रासारखी सौम्य दिसते आणि माणसे उघड्या डोळ्यांनी पाहत राहतात. ढग कधी पातळ होईल याचा नेम नसतो, आणि दृष्टिपटल भाजले तरी दुखत नाही.

२ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे, तेही भर पावसाळ्यात. ग्रहणचष्मा मात्र आधीच आणून ठेवावा.