गाण्याखाली नाव कुणाचे?

परवा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसलो असताना एका मैत्रिणीने मला विचारले, "तू सारखी 'इंडी', 'इंडी' करतेस, ते असते तरी काय गं? इंडियनचे लहान रूप का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण उत्तर द्यायला गेले आणि मीच अडखळले. जे संगीत मी रोज लोकलमध्ये कानाला लावून ऐकते त्याची साधी व्याख्या मला करता येऊ नये, याची मनाला टोचणी लागली. हा लेख त्या टोचणीतून जन्मला आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील फर्निचर बाजारात पॉलिशचे काम करतात. तेव्हा संगीतशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. आहेत ते दोन कान आणि एक थोरला भाऊ. त्या भावाविषयी पुढे सांगेनच.

'इंडी' हे 'इंडिपेंडंट' या शब्दाचे लहान रूप. म्हणजे स्वतंत्र. पण स्वतंत्र कशापासून? येथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. गिटार वाजली म्हणजे इंडी, इंग्रजी गाणे म्हणजे इंडी, असा समज आहे. वस्तुतः हे रागाचे किंवा तालाचे नाव नव्हे, ते व्यवहाराचे नाव आहे. गाणे कोणी रचले, पैसा कोणी घातला, ते बाहेर कोणी काढले आणि त्यावर मालकी कोणाची राहिली, या चार प्रश्नांची उत्तरे कलावंताच्या बाजूने असली की ते संगीत स्वतंत्र. मग ते रॉक असो, रॅप असो, अभंग असो की हळदीचे गाणे असो.

इंग्लंडमध्ये या गोष्टीचा प्रारंभ म्हणून १९७७ सालाचा दाखला देतात. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' नावाच्या चार पोरांनी ५०० पौंड उसने घेतले, चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कुठल्याही बड्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच तबकडी काढली. पहिल्या खेपेला तिच्या १००० प्रती होत्या. कंपनीवाचून तबकडी निघते, हे लोकांना दिसले आणि पुढे तेथे लहान लहान कंपन्यांचे पीकच आले.

ही कथा वाचली तेव्हा मला आश्चर्य वाटायला हवे होते, पण वाटले नाही. कारण आपल्याकडे हे त्याआधी कितीतरी वर्षे चालूच होते. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव, वस्त्यावस्त्यांतून गात हिंडले. त्यांचे गाणे बाजारात नव्हे, माणसांच्या तोंडी प्रसिद्ध होत असे. एका वस्तीत रात्री गायलेले पद सकाळी दुसऱ्या वस्तीत पोचलेले असे. ज्याला आज 'व्हायरल' म्हणतात ते दुसरे काय? पुढे कॅसेट आली. ध्वनिमुद्रण स्वस्त झाले, छोट्या कंपन्या निघाल्या आणि आपल्या शेजारच्या कल्याणात राहिलेल्या प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांचा आवाज चहाच्या टपरीपासून ट्रकपर्यंत सर्वत्र पोचला. आमच्या कॅम्पाचीही अशीच एक परंपरा आहे. फाळणीनंतर कल्याण कॅम्पच्या बराकींत येऊन पडलेल्या सिंधी कुटुंबांनी सामानाबरोबर आपले 'भगत'ही आणले. नाचत, गात, कथा सांगत रात्र जागवण्याचा तो प्रकार. भगत कंवरराम यांचे नाव आजही उल्हासनगरात आदराने घेतले जाते. आमच्या गल्लीतल्या सिंधी आजी स्वयंपाक करताना जे कलाम गुणगुणतात ते त्यांनी कुठल्या दुकानातून विकत आणलेले नाही.

आता आजची गोष्ट. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि गाणे बाहेर काढण्याची रीतच बदलली. एक लॅपटॉप, एक बऱ्यापैकी माइक, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावलेला फोम (आमच्या ओळखीच्या एका मुलाने गादीच लावली आहे), एवढ्यावर घरात स्टुडिओ उभा राहतो. गाणे ध्वनिमुद्रित केल्यावर त्याचे मिक्सिंग होते, म्हणजे आवाज, ढोलकी, कीबोर्ड यांचे प्रमाण जुळवायचे. नंतर मास्टरिंग, म्हणजे ते गाणे फोनच्या इवल्याशा स्पीकरवर आणि मांडवातल्या भिंतीएवढ्या स्पीकरवर सारखेच नीट वाजेल असे करायचे. मग वितरक नावाचा मध्यस्थ थोडे पैसे घेऊन ते स्पॉटिफाय, जिओसावन वगैरे ठिकाणी पोचवतो. यूट्यूबवर तर आपले आपणच चढवता येते.

इतके सोपे, तर मग अडचण कुठे? पहिली अडचण पैशाची. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की मागच्या बारा महिन्यांत निदान १००० वेळा ऐकले गेले नाही तर त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे मानधनच मिळणार नाही. दार सर्वांना उघडे, पण आत पाट मोजकेच. दुसरी अडचण त्याहून मोठी. तिच्याकडे वळण्यापूर्वी गेल्या काही वर्षांत मला भावलेल्या गाण्यांबद्दल थोडे सांगू द्या, नाहीतर चाहती कसली मी!

पहिले नाव 'स्वदेसी'चे. मुंबईतील हा रॅप करणाऱ्यांचा समूह हिंदी, मराठी, गुजराती अशा अनेक भाषांत गातो. २०१९ साली आरेच्या जंगलातील प्रकाश भोईर यांच्यासह त्यांनी 'द वारली रिव्होल्ट' काढले. त्यात आदिवासी माणूस स्वतः बोलतो, त्याच्या वतीने दुसरा कोणी बोलत नाही. बदलापूरच्या डोंगरालगत ठाकर-कातकरी पाडे आपण गाडीतून पाहतो आणि पुढे जातो. या गाण्याने मला निदान मान वळवून पाहायला लावले. दुसरे नाव 'अभंग रिपोस्ट'चे. हे तरुण संतांचे अभंग गिटार-ड्रमवर गातात. आमच्या आजीला आधी ते पाखंड वाटले. पण तिसऱ्या अभंगाला तिचा हात मांडीवर ताल धरू लागला, याची मी साक्षीदार आहे. तिसरे, २०२४ चे 'तांबडी चामडी'. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे हे गाणे नेदरलँड्समधल्या 'स्पिनिन' या नृत्यसंगीताच्या नामांकित कंपनीने काढले. कंपनी आली म्हणजे ते माझ्या व्याख्येत काटेकोरपणे बसत नाही, हे मान्य. शब्दांच्या खोलीची अपेक्षा धरूनही ते ऐकू नये. पण मराठी बोलीच्या ठसक्यावर परदेशातली पोरे नाचतात, तेव्हा आपली भाषा 'गावठी' म्हणून वर्गात गप्प बसणाऱ्या आमच्यासारख्यांना थोडे बळ येते, हे खोटे कशाला बोलू? आणि चौथे, मनोज घोरपडे यांनी लिहून आपल्या मुलांकडून गाऊन घेतलेले 'माझ्या पप्पांनी गणपती आणला'. २०२३ च्या गणपतीत बीड जिल्ह्यातील एका चिमुरड्याच्या चित्रफितीमुळे ते घराघरांत गेले. बाप लिहितो आणि लेकरे गातात, याहून 'स्वतंत्र' संगीत कोणते?

महोत्सवांविषयीही दोन शब्द. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो. शास्त्रीय संगीताचा असला तरी श्रोते वर्षानुवर्षे येत राहिले की महोत्सव कसा उभा राहतो, याचा तो धडा आहे. मुंबईत १९८६ साली 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झाला. धोबीतलावच्या रंगभवनात असे कार्यक्रम होत असत, पण इस्पितळे आणि महाविद्यालये जवळ असल्याने शांतता क्षेत्राच्या नियमात ते खुले नाट्यगृह मिटले. २०१० साली पुण्यात 'एनएच सेव्हन वीकेंडर' सुरू झाला, तर २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'लोलापलूझा' भरू लागला. यांची तिकिटे आपल्या खिशाला झेपणारी नाहीत. मुलीच्या जातीला तर तिकिटाआधी परतीच्या गाडीचा आणि स्टेशनपासून घरापर्यंतच्या अंधाराचा हिशेब करावा लागतो. म्हणून माझी शिफारस दोन ठिकाणांची. मुंबईत भरणारा काळा घोडा महोत्सव १९९९ पासून चालू आहे. तो नऊ दिवस असतो आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आणि आपल्या अंबरनाथचा शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हल. १०६० साली उभ्या राहिलेल्या त्या काळ्या पाषाणाच्या देवळाजवळ उभे राहून गाणे ऐकावे, म्हणजे महालक्ष्मीला न गेल्याचे दुःख उरत नाही.

पण खरे सांगायचे तर माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा संगीत महोत्सव नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत चालतो. तो म्हणजे नेवाळी, मलंगगड भागातील हळदी! आमचा दादा बेंजो पार्टीत वाजवतो. हा 'बेंजो' मूळचा जपानी. १९१२ च्या सुमारास तेथे तायशोगोतो नावाचे, टाइपरायटरसारख्या कळा असलेले तंतुवाद्य निघाले. ते हिंदुस्थानात आले, बुलबुलतरंग झाले आणि आपल्याकडे बेंजो म्हणून आगरी-कोळी मांडवात कायमचे वस्तीला राहिले. दिवसा दादा एका कारखान्यात पॅकिंग करतो आणि हंगामात संध्याकाळी बेंजो उचलतो. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी, म्हणून सगळा जोर सात ते दहा.

तीन वर्षांपूर्वी दादाने स्वतः एक गाणे रचले. शब्द त्याचे, चाल त्याची. साठवलेल्या पैशातून ३००० रुपये देऊन एका स्टुडिओत ते मुद्रित केले. तेथल्या माणसाने "मी चढवतो, तू काळजी करू नकोस" म्हणून ते आपल्या चॅनेलवर चढवले. पुढच्या हंगामात गाणे मांडवामांडवांत वाजू लागले. दादा हरखून घरी आला आणि आम्ही सगळे फोनभोवती जमलो. गीतकार म्हणून त्या माणसाचे नाव. संगीतकार म्हणूनही त्याचेच. दादाचे नाव कुठेच नाही. वडिलांनी विचारले, "कागद केला होतास का?" दादा गप्प. आई म्हणाली, "जाऊ दे, मोठ्या माणसांशी वाकडं नको." आजही हळदीत लोक त्या गाण्याची फर्माईश करतात आणि दादा ते वाजवतो. आपलेच गाणे, दुसऱ्याचे म्हणून.

हीच ती दुसरी अडचण. त्यावेळी मी बारावीत होते आणि मला काही ठाऊक नव्हते. महाविद्यालयात आल्यावर मी १९५७ चा कॉपीराइट कायदा शब्दकोश घेऊन वाचला. त्यातून जे उमगले ते येथे मांडते, कारण तुमच्यातही गाणारे, लिहिणारे असतील.

एका गाण्यात एक नव्हे, तीन मालमत्ता असतात. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्दांचा धनी कवी, चालीचा धनी संगीतकार. आणि ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून मुद्रण करविले तो ध्वनिमुद्रणाचा निर्माता. नुसते बटण दाबणारा नव्हे. हा हक्क रचना होताच जन्मतो. नोंदणी सक्तीची नाही, मात्र वाद झाल्यास ती पुरावा म्हणून कामी येते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. तोंडी "चढवतो" म्हणण्याने तो जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने कवी व संगीतकार यांचा मानधनातील समान वाटा राखून ठेवला आहे. तो सोडून देतो असे त्यांच्याकडून लिहूनही घेता येत नाही. हे मानधन गोळा करून वाटण्यासाठी १९६९ पासून आय.पी.आर.एस. ही संस्था आहे आणि कवी-संगीतकारांना तिचे सभासद होता येते.

हे सर्व दादाला एका रात्री वाचून दाखवले. तो म्हणाला, "म्हणजे गाणं अजून माझंच आहे?" मी म्हटले, "कायद्याने तुझेच." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण सिद्ध करायला वकील लागेल ना?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कायदा पुस्तकात आहे आणि आम्ही कॅम्प नंबर तीनमध्ये. मधले अंतर पायी तुटत नाही. मात्र चाल पहिल्यांदा सुचली तेव्हाची, स्टुडिओत जाण्याच्या दोन महिने आधीची, फोनमधली मुद्रिका दादाच्या जुन्या मोबाइलमध्ये सापडली. मागे आईने दिलेली कुकरची शिटीही तिच्यात आहे. ती आम्ही तीन ठिकाणी जपून ठेवली आहे.

नंतर वर्गात संतसाहित्य शिकताना एक गोष्ट ध्यानात आली. तुकोबांनी अभंगाच्या अखेरीस 'तुका म्हणे' असे का घातले असेल? सर त्याला 'नाममुद्रा' म्हणतात. अभंग शेकडो तोंडांतून, गावागावांतून फिरणार, कागद हरवणार, पण शेवटच्या चरणातले नाव कोण काढणार? काढले तर चालच मोडते. वामनदादा शेवटच्या कडव्यात 'वामन' गुंफत. सिंधी कलामात सचल सरमस्तांचे नाव असेच येते, हे आमच्या गल्लीतल्या आजींनी सांगितले. आणि 'अभंग रिपोस्ट'ची पोरे गिटारवर गातात तेव्हाही ते नाव जागचे हलत नाही. ज्या लोकांजवळ कंपनी नव्हती, वकील नव्हता, त्यांनी आपली सही गाण्याच्या पोटातच ठेवली होती.

तात्पर्य, माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की इंडी म्हणजे ज्या गाण्याखाली ते करणाऱ्याचेच नाव आहे ते गाणे. आपण श्रोते निदान एवढे करू शकतो. गाणे आवडले तर ते कुणाचे हे विचारावे, स्टेटसला ठेवताना त्याचे नाव लिहावे. आणि एक विनंती, येत्या स्नेहसंमेलनात चित्रपटगीतांच्या मधे अर्धा तास विद्यार्थ्यांनी स्वतः रचलेल्या गाण्यांसाठी ठेवावा. आपल्या वर्गांत किती दादा बसलेले आहेत हे तेव्हाच कळेल.

आमच्या दादाने यंदाच्या हंगामासाठी नवे गाणे बांधले आहे. स्टुडिओवाला दुसरा आहे, कागद झाला आहे, त्यावर दोघांच्या सह्या आहेत. तरीही शेवटच्या कडव्यात त्याने आपले नाव घातले आहे. जरा ओढूनताणून बसवले आहे, मात्रा एक जास्त होते, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "होऊ दे."

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला