थायरॉइड आणि फॅटी लिव्हर : दोन रिपोर्ट एकत्र वाचा

आपल्या वस्तीतल्या अनेक भगिनींच्या फायलीत दोन कागद असतात. एकावर 'टीएसएच वाढलेले', दुसऱ्यावर 'फॅटी लिव्हर, ग्रेड १'. पहिल्यासाठी गोळी सुरू होते. दुसरा मात्र "आमच्या घरात दारूला कुणी शिवत नाही, मग लिव्हरला काय होणार?" म्हणून बाजूला पडतो. हे दोन्ही कागद एकत्र वाचावेत, म्हणून हा लेख.

थायरॉइड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. शरीराने अन्न किती वेगाने जाळायचे हे तिचे हार्मोन ठरवतात. ते कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे बहुतेक वेळा थायरॉइड सुस्त. लिव्हर चरबी जाळते आणि रक्तातले कोलेस्टेरॉल उचलते, तेही याच हार्मोनच्या जोरावर. हार्मोन कमी पडले की कोलेस्टेरॉल वाढते आणि लिव्हरमध्ये चरबी साठू लागते. हा संबंध इतका पक्का आहे की लिव्हरमधल्या थायरॉइड हार्मोनच्या जागेवर काम करणारे रेस्मेटिरॉम हे औषध २०२४ मध्ये अमेरिकेत फॅटी लिव्हरच्या पुढच्या टप्प्यासाठी मान्य झाले.

पण उलटेही घडते. वजन वाढल्यानेच टीएसएच थोडे वर सरकू शकते आणि वजन उतरल्यावर ते खाली येते. त्यामुळे आकडा जरासा वाढला की लगेच गोळी लागतेच असे नाही. ते डॉक्टर ठरवतील. थायरॉइडमुळे वजन वाढते, पण साधारण थोडेच, आणि त्यात पाण्याचा भागही असतो. सगळा दोष थायरॉइडवर टाकून चालणार नाही.

मग वजन वाढते कशाने? परळ-लालबागच्या गिरण्यांत आपले वडीलधारे पाळीभर उभे राहून काम करत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आज आपली मुले वॉचमनच्या खुर्चीत, गाडीच्या स्टिअरिंगमागे, काउंटरवर बसून बारा-बारा तास काढतात. दुपारी वडापाव, दिवसभर साखरेचा कटिंग, रात्री उशिरा भातच भात. बीडीडीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत व्यायामाला जागा नाही, हेही खरे. पण चाळीचे जिने आहेत, शिवाजी पार्क आहे, दादरची चौपाटी आहे. त्यांना पैसे पडत नाहीत.

आम्ही सुचवतो ते असे :

कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर सावध व्हा.

थायरॉइड किंवा फॅटी लिव्हर यांपैकी एक निघाले, तर दुसऱ्याची तपासणी हवी का, हे डॉक्टरांना विचारा. साखर, कोलेस्टेरॉल, एसजीपीटी आणि प्लेटलेट्सही पाहून घ्या. एसजीपीटी नॉर्मल असूनही लिव्हरवर चरबी असू शकते. पालिकेचा दवाखाना जवळ आहे. पुढचे उपचार लागले तर परळचे केईएम आणि मुंबई सेंट्रलचे नायर आहे.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी. बरे वाटले म्हणून गोळी मनाने बंद करू नका.

शेजारणीची थायरॉइडची गोळी वजन उतरवायला घेऊ नका. थायरॉइड ठीक असताना ती घेतली तर छातीत धडधड होते, हाडे ठिसूळ होतात, हृदयाला धोका पोचतो. 'लिव्हर साफ' करणाऱ्या चूर्ण-काढ्यांपासूनही दूर राहा. त्यांतले काही लिव्हरच बिघडवतात.

वजन हळूहळू उतरवा. ८० किलोच्या माणसाचे ४ किलो उतरले तरी लिव्हरची चरबी कमी होते. ८ किलो उतरले तर सूज आणि व्रणही भरून येऊ शकतात. भात अर्धा करा, डाळ, उसळ, पालेभाजी वाढवा, चहातली साखर तोडा, रोज अर्धा तास झपझप चाला.

फॅटी लिव्हर दुखत नाही, म्हणूनच ते फसवते. दुर्लक्ष केले तर काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षांनी ते लिव्हर सिरॉसिसपर्यंत जाते. सुरुवातीला मात्र ते मागे फिरवता येते. घरातल्या बाईचा रिपोर्ट शेवटी बघायची सवय आपण सोडू या. या आठवड्यात आईची, बायकोची, बहिणीची फाइल उघडा आणि ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवा.